वाद्य घेऊन विमानाने जायचंय? तिकीट काढण्याआधी सात किलोचा हिशेब करा

एडवण (ता. पालघर) : आपल्या भागातून विमानाने जाणारी माणसं आता काही नवलाची राहिली नाहीत. कुणी आखाती देशात नोकरीला, कुणी जहाजावर, कुणी काशी-अयोध्येला. पण हातात कपड्यांच्या बॅगेऐवजी मृदंग, पेटी किंवा तारपा असला की गोष्ट वेगळी होते. एसटीत वाद्य मांडीवर चालतं, लोकलमध्ये मालडब्यात चालतं. विमानात मात्र ते सेंटीमीटर आणि किलोत मोजलं जातं, आणि मोजणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो.

पालघर जिल्ह्यासाठी हा विषय दूरचा नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यानंतर तारपा म्हणजे काय हे देशभर लोक विचारू लागले. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण एवढ्यावर उभं असलेलं हे वाद्य. लहान तारपासुद्धा हातभर लांबीत मावत नाही आणि मोठा तारपा माणसाच्या उंचीच्या पुढे जातो. दिल्ली, उदयपूर, गुवाहाटीच्या कार्यक्रमाचं बोलावणं येतं, आयोजक विमानाचं तिकीट पाठवतात आणि तिकिटात वाद्याचा उल्लेखच नसतो. मग विमानतळावर पहाटे चार वाजता वाद सुरू होतो. तो वाद कलाकार जिंकत नाही, कारण विमान थांबत नाही.

म्हणून ही माहिती. तारपा, भजनाची वाद्यं, बँडची वाद्यं या सगळ्यांना लागू पडेल अशी.

माप आधी, तिकीट नंतर

देशातल्या बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात हातातल्या एका बॅगेला 7 किलोची मर्यादा ठेवतात. माप साधारण 55 बाय 35 बाय 25 सेंटीमीटर. काही कंपन्या 55 बाय 40 बाय 20 धरतात. इंचात सांगायचं तर साडेएकवीस बाय चौदा बाय दहा. यात वाद्याचं कव्हर किंवा पेटीही धरली जाते, हे लोक विसरतात. वाद्य सहा किलोचं आणि लाकडी पेटी तीन किलोची असेल, तर काउंटरवरचा काटा नऊ दाखवणार.

घरात भाजी तोलायचा काटा असतोच. वाद्य कव्हरसकट त्यावर ठेवा, शिंप्याच्या टेपने लांबी, रुंदी, उंची घ्या आणि आकडे कागदावर लिहा. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा, काट्याचा आकडा दिसेल असा. पुढे कंपनीला विचारताना हेच आकडे लागतात. "मोठं वाद्य आहे हो" असं फोनवर सांगून काही निष्पन्न होत नाही.

आता आपल्याकडची वाद्यं एकेक करून बघू. बासरी, सनई, टाळ, चिपळ्या, क्लॅरिनेट, ट्रम्पेट ही हातातल्या सामानात बसण्यासारखी. क्लॅरिनेटचे भाग सुटे होतात, त्यामुळे ते सगळ्यात सोयीचं. लांब बासरी मापापेक्षा लांब भरते, पण ती बारीक असल्याने बऱ्याचदा वरच्या कप्प्यात जाते. हे मात्र कर्मचाऱ्याच्या मर्जीवर, हक्काने नाही. ढोलकी बहुधा बसते, वजनाचं तेवढं बघायचं. तबल्याची जोडी काठावरची. दायाँ-बायाँ शेजारी ठेवले तर लांबी भरत आली आणि बायाँ पितळी किंवा तांब्याचा असेल तर सात किलो कधी ओलांडले ते कळत नाही. अनेक तबलावादक म्हणूनच दायाँ हातात घेतात आणि बायाँ कपड्यांत गुंडाळून खालच्या सामानात देतात. धातूचं भांडं आपटलं तर पोचा येईल, लाकडाला भेग गेली तर मग काही उरत नाही.

पेटी, मृदंग, पखवाज, गिटार, कीबोर्ड, बेंजो, तंबोरा, सतार आणि तारपा ही वाद्यं मापात बसत नाहीत. भजनातली साधी पेटीही दोन फुटांच्या आसपास लांब आणि वजनाने दहा किलोच्या पुढे असते. घडीची छोटी पेटी असेल तर आशा आहे, पण तीही तोलून बघावी.

वाद्याला वेगळा कायदा नाही

अमेरिकेत 2012 साली संसदेने कायदा केला आणि मार्च 2015 पासून त्याचे नियम लागू झाले. तिथल्या कंपन्यांना, चढताना जागा असेल तर, गिटार-व्हायोलिनसारखं वाद्य केबिनमध्ये घ्यावंच लागतं. भारतात असा हक्क देणारा वेगळा कायदा नाही. उलट आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2021 च्या परिपत्रकात कंपन्यांना ज्या सेवांचे वेगळे पैसे घेता येतात त्यात वाद्य नेण्याची सेवाही धरली आहे. मौल्यवान सामानाची खास नोंद करण्याचं शुल्कही त्याच यादीत आहे. तेव्हा काउंटरवर "कला आहे, देवाचं वाद्य आहे" हे सांगून पैसे माफ होतील अशी अपेक्षा ठेवू नये. कुणी समजूतदार भेटला तर गोष्ट वेगळी.

मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. 2014 साली उस्ताद अमजद अली खान यांची कित्येक वर्षं वापरातली सरोद लंडनहून दिल्लीला येताना विमान कंपनीकडून हरवली. काही दिवसांनी ती सापडली. 2018 मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाताना सतारवादक शुभेंद्र राव यांच्या सतारीचं नुकसान झालं. 2025 च्या डिसेंबरमध्ये अनुष्का शंकर यांनी आपल्या सतारीला गेलेल्या भेगेचा व्हिडिओच टाकला. या लोकांना वर्तमानपत्र विचारतं, कंपनी उत्तर देते. विक्रमगडच्या किंवा एडवणच्या कलाकाराला कोण विचारणार? त्याची काळजी आधीच घ्यावी लागते.

तीन वाटा

पहिली वाट हातातल्या सामानाची. वाद्य मापात बसत असेल तर हीच उत्तम. पण लक्षात ठेवा, वाद्य हातात घेतलं म्हणजे एक बॅग झाली. दुसरी बॅग खाली द्यावी लागणार. बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग कंपन्या चालवून घेतात, तरी काही कंपन्या तीही सात किलोत धरतात.

विमानात चढायला शक्य तितकं पुढे राहा. वरचे कप्पे भरले की उरलेल्यांच्या बॅगा दारातच काढून खाली पाठवतात. ढोलकी कापडी कव्हरमध्ये असेल आणि ती अशी शेवटच्या क्षणी खाली गेली तर तिच्यावर कुणाची तरी वीस किलोची बॅग बसणार. लहान विमानतळांना जाणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानांत वरचे कप्पे आणखी छोटे असतात. तिकिटावर एटीआर लिहिलं असेल तर मापात बसणारं वाद्यही खाली जाऊ शकतं असं धरूनच बांधणी करा.

दुसरी वाट वाद्यासाठी वेगळी सीट घेण्याची. हे खूप जणांना माहीतच नसतं. बऱ्याच कंपन्या केबिनमधल्या सीटवर सामान ठेवायची सोय देतात. त्याचं इंग्रजीतलं छोटं नाव सीबीबीजी. या सीटचं तिकीट वेगळं पडतं आणि वाद्य बेल्टने बांधून खिडकीच्या सीटवर ठेवतात, म्हणजे कुणाचा रस्ता अडत नाही. आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेत ते ठेवू देत नाहीत. ही सीट मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून सहसा मिळत नाही. कंपनीच्या नंबरवर फोन करून वाद्याचं माप, वजन सांगावं लागतं आणि त्यांनी होकार दिल्यावर ईमेल मागून घ्यावा लागतो. एजंटने परस्पर दुसऱ्या माणसाच्या नावाने सीट काढली तर ती चालत नाही, पैसे मात्र जातात.

तंबोरा, सतार, मध्यम आकाराचा तारपा यांच्यासाठी ही वाट महाग असली तरी खात्रीची. सीटच्या उंचीत न मावणाऱ्या तारप्याला ती उपयोगी नाही. तिकिटाचे पैसे कलाकाराने खिशातून घालावेत असंही नाही. कार्यक्रम सरकारी असो की खासगी, होकार कळवतानाच आयोजकाला लिहून द्यावं: वाद्य अमुक लांबीचं, अमुक वजनाचं, ते केबिनमधून न्यायची सीट किंवा जादा सामानाचे पैसे तुमच्याकडे. वाद्याशिवाय वादक बोलावून आयोजकाला काय करायचंय? बोलावणं आल्याच्या आनंदात हे मागायला लोक लाजतात आणि मानधनातला मोठा हिस्सा काउंटरवर भरून परत येतात.

तिसरी वाट खालच्या सामानाची. देशातल्या बहुतेक उड्डाणांत इकॉनॉमीला 15 किलो मोफत मिळतात, आणि काही कंपन्या त्यातही एकच बॅग धरतात. जादा किलोचे पैसे काउंटरवर भरले तर जास्त लागतात, आधी ऑनलाइन घेतले तर कमी. एका नगाचं वजन 32 किलोच्या वर घेत नाहीत, कारण तो माणसांनी उचलायचा असतो.

समजा एडवणचं आठ जणांचं भजनी मंडळ काशीला निघालंय. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढली, तर आठ जणांचे मिळून 120 किलो होतात आणि बऱ्याच कंपन्या ते एकत्र मोजतात. पेटी, मृदंग त्यात सहज बसतात. तीच तिकिटं तिघांनी एका एजंटकडून आणि पाच जणांनी दुसऱ्याकडून काढली की हिशेब फिसकटला. मृदंग ज्याच्या नावावर, जादा पैसे त्याच्यावर.

बांधणी अशी करा

खाली जाणाऱ्या वाद्याला कापडी कव्हर पुरत नाही. लाकडी किंवा फायबरची टणक पेटी पाहिजे आणि आत वाद्य हलता कामा नये. बाहेरून गादी बांधून आत वाद्य खुळखुळत असेल तर उपयोग शून्य. जुनी गोधडी, फोम, कपडे यांनी सगळ्या बाजू घट्ट भरा. तारप्याचा भोपळा, तंबोऱ्याचा भोपळा हे बाहेरून टणक दिसले तरी जाडीला पातळ असतात. त्याच्याखाली आणि चहूबाजूंनी भराव हवा, वर मात्र दाब पडता कामा नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांकडे प्रवासासाठी टणक पेट्या मिळतात. त्यांची बनावट बघून गावचा सुतारही पेटी करून देईल.

तारवाद्याच्या तारा थोड्या सैल कराव्यात. पूर्ण उतरवू नयेत, घोडी जागची हलते. पेटीचा भाता बंद करून कडी लावा आणि वर दोरी बांधा. मृदंगाची, तबल्याची पुडी कोरड्या हवेत ताणते, तेव्हा ती उतरवून न्यावी आणि पोचल्यावर दोन-तीन तास खोलीतल्या हवेत ठेवून मग स्वर लावावा. विमानाच्या मालाच्या कप्प्यात हवेचा दाब केबिनसारखाच असतो, त्यामुळे वाद्य फुटेल ही भीती नको. थंडी मात्र जास्त असू शकते.

तारप्याला खरा धोका थंडीचा नसून उन्हाचा. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण चाळिशीच्या आसपासच मऊ पडायला लागतं. मे महिन्यात सामानाची गाडी विमानाजवळ उन्हात उभी राहिली की नळ्या बसवलेली जागा सरकू शकते. म्हणून थोडं मेण, दोन जादा जिभा आणि सुतळी वेगळ्या पुडीत जवळ ठेवावी. तारपा सुटा होतो का, हे ज्याने बनवला त्यालाच विचारावं. दुसऱ्याने घाईत सुटा केला तर सूर परत जागेवर येत नाही.

पेटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत "वाद्य, नाजूक" असं मोठं लिहा. आत एका चिठ्ठीवर नाव, गाव, फोन नंबर टाका. बाहेरचा टॅग फाटतो, आतली चिठ्ठी राहते.

तपासणीत काय अडतं

सुरक्षा तपासणी करणारे जवान बहुतेक वेळा परराज्यातले. तारपा त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नसतो. एक्स-रेमध्ये भोपळ्याचा गोल आणि दोन नळ्या दिसल्या की ते थांबवणारच. चिडू नये. कव्हर काढून दाखवावं, हिंदीत सांगावं आणि वाजवायला सांगितलं तर हळू वाजवून दाखवावा. मोबाइलवर आपलाच वाजवतानाचा एखादा व्हिडिओ काढून ठेवलेला असला तर काम पटकन होतं. कार्यक्रमाचं निमंत्रणपत्रही छापून सोबत ठेवा.

वाद्य जातं पण त्याच्यासोबतची अवजारं अडतात. तबल्याची हातोडी हातातल्या सामानात चालत नाही. पाना, पक्कड, चाकू, मोठी कात्री हेही नाही. संबळाच्या, ताशाच्या काठ्या, टिपऱ्या अडवल्या जाऊ शकतात. हे सगळं खाली द्यावं. वॉर्निश, थिनर, पेट्रोल घातलेलं काही असेल तर ते वरही नाही आणि खालीही नाही. चामडं तापवायला काडेपेटी नेतात, तीही घरी ठेवावी.

भजनी मंडळांची आणखी एक गंमत. वाद्याच्या पेटीतच पूजेचं सामान कोंबायची सवय. कापूर ज्वलनशील, तो नेता येत नाही. सुकं खोबरंही खालच्या सामानात बंद आहे, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणून. नारळाच्या गावातून निघालेल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण मशीनने पेटी पकडली की ती उघडायला तुम्हालाच बोलावतात आणि तोवर वेळ निघून जातो.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तालमाला यांचे सुटे सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच पाहिजेत. खालच्या सामानात पॉवर बँक सापडली तर बॅग मागे राहते.

परदेशात जाताना

इथे नियम आणखी कडक. मोराचं पीस भारतातून बाहेर नेता येत नाही. तारप्याला, पावरीला सजावटीसाठी पिसं लावली असतील तर ती घरीच काढून ठेवा. घोरपडीचं कातडं लावलेलं जुनं वाद्य तर देशातही जवळ बाळगू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गंभीर गुन्हा आहे. गोव्याने 2019 मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, त्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता बकऱ्याचं लावतात.

शिसवाच्या लाकडावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची अट होती. तयार वाद्यांसाठी ती 2019 च्या शेवटी सैल झाली, तेव्हा शिसवाचा तबला नेणाऱ्यांनी आता त्याची चिंता करायचं कारण नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला मात्र लाकूड, बांबू, भोपळा, चामडं असलेली वस्तू उतरताना फॉर्मवर लिहावीच लागते. लिहिली तर ते बघून सोडतात किंवा प्रक्रिया करून देतात. लपवली तर दंड. भोपळ्यात एखादी बी, माती, कीड राहिली नाही ना, हे निघायच्या आधी बघा.

वाद्य महाग असेल तर जाताना मुंबईला कस्टमच्या खिडकीवर ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. परत येताना "हे बाहेरून विकत आणलं" असं म्हणून शुल्क लावायची वेळ येत नाही. यासाठी अर्धा-पाऊण तास जादा धरा.

एडवणहून विमानतळ

एडवणहून एसटी किंवा रिक्षाने सफाळे, तिथून डहाणू लोकलने अंधेरी. वाद्य मोठं असेल तर सकाळची गर्दी टाळा, विरारनंतर पेटी सांभाळणं अवघड होतं. अंधेरीहून घाटकोपरच्या मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलून तीन नंबरच्या मेट्रोने पुढचंच स्टेशन टी-2. टी-1 ला जायचं असेल तर त्याच गाडीने आणखी दोन स्टेशनं पुढे. मेट्रोतही सामान मशीनमधून जातं आणि फार लांब वाद्य अडवू शकतात, तेव्हा तारपा असेल तर गावाहून गाडीच केलेली बरी.

एक चूक आता नव्याने होऊ लागेल. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर फक्त "मुंबई" वाचून निघू नका. नवी मुंबई असेल तर प्रवास पनवेलच्या दिशेचा, सगळं गणितच वेगळं. देशातल्या उड्डाणाला दोन तास आधी पोचा असं सांगतात. वाद्य असेल तर तीन धरा. सामानाचा काउंटर बऱ्याच कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि मोठ्या आकाराच्या नगासाठी तिथून पुन्हा दुसऱ्या खिडकीवर पाठवतात.

घाई नसेल तर रेल्वेचा विचार करायला लाज वाटू नये. स्लीपर आणि थ्री-टायर एसीला 40 किलोपर्यंत सामान मोफत आहे, आणि वाद्य सगळा वेळ आपल्या नजरेसमोर. मोठ्या तारप्यासाठी, आठ जणांच्या मंडळासाठी गाडीच बरी. विमान तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा कामावर हजर राहायचंय.

तारप्याला बिल नसतं

नुकसान झालंच तर पैसे मिळतात का? मिळतात, पण मर्यादेत. देशातल्या उड्डाणात सामान हरवलं, तुटलं किंवा उशिरा आलं तर भरपाईची कमाल मर्यादा 20,000 रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. त्यात 28 डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा प्रत्येक प्रवाशाला 1,519 एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या थोडी वर जाते. त्याहून महाग वाद्य असेल तर काउंटरवर किंमत जाहीर करून जादा शुल्क भरायची सोय आहे. हातातल्या सामानाचं नुकसान झालं तर कंपनीची चूक दाखवावी लागते.

अडचण किंमत सिद्ध करण्याची. दुकानातून घेतलेल्या गिटारीची पावती असते. भोपळा स्वतःच्या परसातला, बांबू रानातला, पान ताडाचं आणि बनवणारा शेजारच्या पाड्यावरचा म्हातारा. कंपनी विचारणार, बिल कुठाय? कागद नसला तर तारपा त्यांच्या लेखी वाळलेला भोपळा.

हे टाळायचं तर निघायच्या आधी थोडं काम करावं लागेल. बनवणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या की हे वाद्य त्याने अमुक महिन्यात बनवलं, एवढे दिवस लागले, एवढी किंमत. त्याची सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या. जुनं वाद्य असेल तर आज तसं बनवायला काय लागेल ते लिहून घ्या. चारी बाजूंनी फोटो आणि वाजतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, म्हणजे वाद्य आधी धड होतं हे दिसेल. मानधनाचा आकडा असलेलं आयोजकाचं पत्र जोडा. हे सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, त्यावर तारीख पडते.

काउंटरवर नाजूक सामानाचा टॅग लावताना सही मागतात. तो टॅग दोन प्रकारचा असतो. एक नुसती सूचना, सांभाळून हाताळा म्हणून. दुसऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुटल्यास कंपनी जबाबदार नाही. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वाद्य नीट टणक पेटीत असेल तर तसं नोंदवायला सांगा आणि टॅगचा फोटो काढा.

उतरल्यावर मोठ्या आकाराचे नग पट्ट्यावर येत नाहीत, बाजूच्या दाराने येतात. पट्ट्याजवळ वाट बघत बसू नका. नग मिळाला की तिथेच उघडा. बाहेर गाडी थांबलीय, आयोजकाचा माणूस हाका मारतोय, तरी उघडा. पुडी, नळ्या, भाता, तारा बघा, एक सूर वाजवून बघा. काही बिघडलं असेल तर त्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर सामान बिघाडाची नोंद करून घ्या. त्याला पीआयआर म्हणतात, त्याची प्रत हातात घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात तुटलेल्या सामानाची लेखी तक्रार 7 दिवसांच्या आत आणि उशिरा आलेल्याची 21 दिवसांच्या आत द्यावी लागते. देशातल्या प्रवासातही हीच शिस्त पाळावी. बोर्डिंग पास आणि सामानाचा टॅग घरी पोचेपर्यंत फेकू नये.

कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दावा लावता येतो, त्यासाठी दिल्ली-मुंबईला खेटे घालायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवरून तो घरबसल्या दाखल होतो. बनवणाऱ्याच्या सहीचा तो साधा कागद, फोटो आणि पीआयआरची प्रत तिथे जोडायची.